टेलच्या माणसापासून सुरुवात



आम्ही ओझरच्या बचत गटातल्या बाया. आज आम्ही फिरायला जाण्याविषयी बोलणार आहोत. फिरायला म्हटलं की आपल्याला वाटतं, हा शहरातल्या लोकांचा विषय. आपलं फिरणं म्हणजे घर ते मळा आणि मळा ते घर. पण हा विषय आम्ही मुद्दाम घेतला, कारण तसं घडलं.

दिवाळीनंतर आम्ही ठरवलं होतं, की गटाच्या पैशातून एक दिवसाची सहल काढायची. गटात आम्ही अकरा जणी. त्यातल्या चौघी म्हणाल्या, आम्ही नाही येत. एकीच्या सासूबाईंना लकवा मारलेला, त्यांना सोडून कसं जायचं? दुसरीची बारा वर्षांची लेक चाकाच्या खुर्चीवर. तिसरीच्या मालकांना दिसत नाही, दुपारचं ताट कोण वाढणार? आणि चौथीचे स्वतःचे गुडघे गेलेले. ती म्हणाली, "तुम्ही पायऱ्या चढाल आणि मी खाली चपला राखत बसेन. त्यापेक्षा घरी बरी."

चौघींची कारणं वेगवेगळी दिसली, तरी मुळात ती एकच होती. जिथं जायचं तिथं पायऱ्या, खडी, अरुंद फाटक. त्या दिवशी आमच्या ध्यानात आलं, की घरात एक माणूस अडकलं की त्याच्याबरोबर एक बाई अडकते. म्हणून हा विषय अपंग माणसांचा आहे तितकाच आपलाही आहे. मग आम्ही म्हाताऱ्या बायांना विचारलं, जाणत्यांना विचारलं, थोडं वाचलं. पूर्वी काय होतं, आता काय झालं आणि पुढं काय करता येईल, ते तुम्हाला सांगतो.

आपली जुनी बाग

आपल्या आज्यांना बाग हा शब्द द्राक्षाच्या आधी फारसा ठाऊक नव्हता. पण मोकळ्या हवेत बसायच्या त्यांच्या जागा होत्या. गावात पार होता, पिंपळाखाली किंवा लिंबाखाली. नागपंचमीला झाडाला झोके बांधायचे आणि सासरवाशिणी माहेरी येऊन उंच उंच झोके घ्यायच्या. नदीवर धुणं असायचं. वर्षाकाठी जत्रा असायची. बाईला कामाशिवाय घराबाहेर पडायला देवाचं नाव लागायचं, हे खरं. पण देवाच्या नावानं का होईना, ती बाहेर पडायची.

ज्याला चालता येत नसे, त्याचं काय व्हायचं? जत्रेला बैलगाडी असेल तर म्हाताऱ्या आजीला गादी टाकून गाडीत बसवायचे. लेकराला खांद्यावर घ्यायचे. पण हे ज्याच्या घरी गाडी होती आणि माया होती त्याच्यापुरतं. बाकी कित्येकांचं आयुष्य माजघरात आणि ओसरीवर गेलं. वर लोक म्हणायचे, मागच्या जन्माचं काहीतरी असेल. त्या माणसाची चूक नव्हती आणि मागच्या जन्माचाही काही संबंध नव्हता. पुष्कळांना तर पोलिओ झालेला होता. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत सापडला आणि 2014 साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे थेंबांनी जे झालं, ते कुणाच्या पापपुण्यानं झालेलं नव्हतं.

जुन्या गोष्टी काढताना आम्हाला एका आजीनं फार चांगली आठवण दिली. ती म्हणाली, "अगं, मोटेच्या विहिरीला धाव असायची, ती आठवते का?" पुष्कळ जणींनी मोट पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. विहिरीच्या काठापासून मागं मातीचा लांब उतार केलेला असे. बैल त्या उतारावरून खाली जायचे, तसा नाडा ओढला जायचा आणि मोट भरून वर यायची. त्या उताराला धाव म्हणत. धाव फार उभी झाली तर बैल घसरायचे, म्हणून जाणता माणूस ती नीट बेतून घ्यायचा. आजी म्हणाली, "बैलाचा पाय घसरू नये म्हणून उतार केला आणि माणसाला देवळात जायला सात पायऱ्या केल्या."

आम्ही सगळ्या हसलो आणि मग गप्प झालो. उतार कसा करायचा हे आपल्या गावांना पहिल्यापासून माहीत होतं. तो माणसासाठीही करावा, हे मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं.

गडाच्या पायऱ्या

आपल्या भागातली सगळ्यात मोठी चढण म्हणजे सप्तशृंगीचा गड. साडेतीन शक्तिपीठांतलं हे अर्धं पीठ. चैत्रात खानदेशातून लोक पायी येतात आणि नवरात्रात तर सगळा जिल्हाच तिकडे लोटतो. आता नांदुरीपासून वरच्या गावापर्यंत घाटरस्ता आहे. पण गाडीतून उतरल्यावर देवीच्या पायाशी जायला सुमारे पाचशे पायऱ्या होत्याच.

या पायऱ्या 1710 च्या सुमारास उमाबाई दाभाडे यांनी बांधवल्या असं सांगतात. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या त्या पत्नी. नवरा गेला, पुढं थोरला मुलगा त्र्यंबकराव 1731 साली डभईच्या लढाईत मारला गेला, आणि त्यानंतर दाभाड्यांचा कारभार या बाईनं स्वतः सांभाळला. त्या काळी पायऱ्या बांधणं हीच मोठी सोय होती. कड्याला धरून, दगडात बोटं रुतवून चढणाऱ्या माणसाला पायरी मिळाली, म्हणजे वाट मिळाली. म्हणून उमाबाईंना नावं ठेवायचं कारण नाही. त्यांनी त्यांच्या काळातलं काम केलं, पुढचं काम पुढच्यांचं होतं.

ते पुढचं काम व्हायला तीनशे वर्षं लागली. तोवर ज्यांना चढवत नसे त्यांच्यासाठी डोली होती. चार माणसांनी उचलून न्यायचं. आमच्यातल्या एकीची आजी डोलीत बसली होती. ती म्हणायची, "देवीला भेटले, पण सारी वाट डोळे मिटून होते. चार जणांच्या खांद्यावर जायची वेळ अजून आली नव्हती ना." दुसऱ्याच्या खांद्यावरून जाणं आणि आपलं आपण जाणं, यातला फरक त्या आजीला कळत होता.

2018 साली गडावर ट्रॉली सुरू झाली. डोंगराच्या अंगाला रूळ टाकलेत आणि डबा दोरानं वर ओढला जातो. फ्युनिक्युलर ट्रॉली म्हणतात तिला. काही मिनिटांत माणूस वर. तिकीट काढून म्हातारी, बाळंतीण, लंगडं, पांगळं, धडधाकट, सगळे एकाच डब्यात बसतात. आम्हाला हेच महत्त्वाचं वाटतं. अपंगांसाठी म्हणून कुठंतरी मागच्या बाजूला वेगळं दार काढलेलं नाही. सगळ्यांची वाट एक, आणि ती अशी की कुणी मागं राहत नाही.

हक्क कुठून आला

मैत्रिणींनो, ही सोय म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. तिच्यामागं माणसांचे कष्ट आहेत आणि कायदाही आहे.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. 1965 च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून पाण्यात पोहायला लागले आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पण गावोगावी त्यांचं नाव पोचायला कितीतरी वर्षं गेली. पद्मश्री मिळाली ती 2018 साली.

दुसरं नाव एका बाईचं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक. ऐन तारुण्यात त्यांच्या पायांतलं बळ गेलं. घरात बसून राहायच्या ऐवजी त्यांनी आपल्यासारख्या मुलामुलींसाठी काम उभं केलं. 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. त्यांच्या आत्मकथेचं नाव 'चाकाची खुर्ची'. आपल्या गटाच्या वाचनासाठी ते पुस्तक जरूर मिळवा.

अशा माणसांनी देशभर आवाज लावून धरला, तेव्हा 1995 साली संसदेनं अपंग व्यक्तींसाठी पहिला मोठा कायदा केला. सार्वजनिक इमारतींना उतार असावा, हे त्यात आलं. पण सरकारी तिजोरीला जमेल तसं, अशी मेख होती. मग 2016 साली नवा कायदा झाला आणि तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. आधी सात प्रकारचं अपंगत्व मानलं जायचं, आता 21 प्रकार मानतात. आणि आपल्या आजच्या विषयाला लागू पडेल अशी गोष्ट म्हणजे, या कायद्यात नुसती शाळा, नोकरी आणि दवाखाना नाही. खेळ, करमणूक आणि सांस्कृतिक जीवन यांतही दिव्यांग माणसाला इतरांसारखा वाटा असावा, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे बाग, जत्रा आणि नदीकाठ हासुद्धा हक्क आहे. जगायला भाकरी लागते हे कायद्याला आधीच कळलं होतं, वारा लागतो हे जरा उशिरा कळलं.

टेलचं पाणी

कायदा झाला म्हणजे गावात उतार झाला, असं होत नाही. हे ओझरकरांना कुणी वेगळं सांगायला नको. आपल्याकडे 1964 पासून विमानाचा कारखाना आहे, लोक गावाला ओझर मिग म्हणतात. पण आभाळात विमानं उडाली तरी शिवारात पाणी आपोआप आलं नाही.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर. त्याच्या कालव्याच्या शेवटाला, म्हणजे टेलला, आपलं ओझर. कागदावर आपल्याला पाणी होतं. प्रत्यक्षात वरच्यांचं भिजून उरलं तर खाली यायचं, आणि उरायचं नाही. समाज परिवर्तन केंद्राच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि 1991 च्या सुमारास टेलच्या शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी वेळेवर भरायची, बाणगंगेवरच्या बंधाऱ्यांत पाणी अडवून विहिरी भरायच्या. टेलला पाणी पोचलं हे पाहून वरची गावंही जागी झाली. पुढं सगळ्या वाघाड प्रकल्पावर मिळून 24 संस्था झाल्या आणि प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांनी आपल्या हाती घेतला. देशभरातून लोक ते पाहायला येतात.

या इतिहासातून आम्ही एक गोष्ट घेतली. टेलला पाणी पोचलं, तर मधल्यांना पोचलेलंच असतं. हेडपासून सुरुवात केली, तर टेल कोरडाच राहायची भीती.

वाटेचंही तसंच आहे. धडधाकट तरुणाला धरून बाग केली, तर चाकाची खुर्ची फाटकात अडते. पण खुर्चीला धरून केली, तर खुर्चीबरोबर बाबागाडीही जाते, काठी टेकत म्हातारबाबा जातात, आठव्या महिन्यातली पोटुशी बाई जाते आणि डोक्यावर पाट्या घेतलेली भाजीवालीसुद्धा जाते. त्यात कुणाचं काही कमी होत नाही.

नांदूरमधमेश्वरचे पाहुणे

आता जवळपास कुठं जाता येईल ते सांगतो. आपल्याच निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी नांदूरमधमेश्वरचा बंधारा आहे. इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला. बांधला पाटाच्या पाण्यासाठी. पण वर्षानुवर्षं गाळ साठला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांनी ती जागा आपली केली. 1986 साली ते अभयारण्य झालं. 2020 च्या जानेवारीत जाहीर झालं, की पाणथळ जागांच्या जगाच्या यादीत, रामसर यादीत, त्याचं नाव आलं. महाराष्ट्रातलं ते पहिलं.

हिवाळ्यात दूरदेशीची बदकं तिथं उतरतात. चित्रबलाक, करकोचे, जांभळी पाणकोंबडी आणि काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी. नाव कसं ठेवलंय पाहा. मनोऱ्यावर चढायला पायऱ्या लागतात, हे खरं. पण पक्षी पाहायला मनोराच लागतो असं नाही. सकाळी लवकर, काठाच्या सपाट जागेवर, खुर्चीत बसूनही पुष्कळ दिसतं. आणि ज्याला दिसत नाही त्याला ऐकू येतं. आमच्या मैत्रिणीचे मालक म्हणाले, "तुम्ही सगळ्या बोलायच्या थांबा, म्हणजे मला पक्षी मोजता येतील."

हो, आम्ही गेलो. अकराही जणी आणि घरची माणसं मिळून वीस जण झालो. आधी गडावर आणि पंधरा दिवसांनी नांदूरमधमेश्वरला. एसटीत मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट 2022 पासून फुकट प्रवास आहे आणि दिव्यांगांना सवलत आहे. पण एसटीची पायरी उंच. खुर्ची घडी करून वर घेतली आणि पोरीला दोघींनी उचललं. पोरगी म्हणाली, "मावशी, मला विचारून उचला. कुठं धरायचं ते मी सांगते." त्या दिवशी हे एक नवं शिकलो. मदत करायची तर आधी विचारायचं.

गडावर सासूबाई ट्रॉलीतून उतरल्या. लकवा व्हायच्या आधी त्या दर चैत्रात पायी यायच्या. नऊ वर्षांनी देवीसमोर उभ्या राहिल्या, सुनेच्या खांद्याला धरून. काही बोलल्या नाहीत. परत येताना वणीत चहा पिताना सुनेला म्हणाल्या, "अगं, तूसुद्धा नऊ वर्षं आली नव्हतीस." सुनेचे डोळे भरले. हिशेब सासूबाईंनी ठेवला होता.

सगळं गोड झालं असं नाही. वाटेत एका ठिकाणी खुर्ची आत जाईल असं स्वच्छतागृह नव्हतं. पोरीनं सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं, का ते तेव्हा कळलं. आपल्यालाही हे नवीन नाही. शेतात जाताना आपणही पाणी कमी पितो.

आपण काय करायचं

आता कामाचं बोलू. ग्रामपंचायतीनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी आणि 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. तो कुठं खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येतं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते, तिथं ठराव मांडा. ओझरसारख्या ठिकाणी आता नगरपरिषद आहे, तर तिथं अर्ज द्या. अर्जावर एकटीची सही नको, गटाची हवी. टेलच्या शेतकऱ्यांनी हेच केलं होतं.

मागायचं काय, तेही नेमकं मागा. नुसतं "रॅम्प करा" म्हटलं, तर घसरगुंडीसारखा उभा उतार करून मोकळे होतात. माप लक्षात ठेवा. एक फूट चढायला बारा फूट लांबी. देवळाचा ओटा दीड फूट उंच असेल तर उतार अठरा फूट लांब हवा. अठरा फूट म्हणजे आपली सहावारी साडी. साडी पसरून दाखवा, गवंड्याला लगेच कळेल. दोन्ही बाजूंना धरायला दांडी हवी. वाट चार फूट रुंद, फाटक तीन फूट मोकळं. खाली खडी किंवा वाळू नको, चाक रुततं. बाकाला पाठ आणि हात हवेत, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या बाईला धरून उठता येतं. नळ बसल्या हाताला लागेल असा. स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं. एक झोका पाठ आणि पट्टा असलेला. आणि ओट्याच्या उंचीवर तुळस, मोगरा, गवती चहा लावा, म्हणजे न दिसणाऱ्यालाही बाग कळेल.

मोठी बाग होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. गावच्या पाराला एक नीट उतार केला, तरी एका घरातलं माणूस संध्याकाळी बाहेर येऊन बसेल. त्याच्याबरोबर घरची बाई पण येईल.

पुढच्या बैठकीच्या आधी एक काम करा. गावात कुणाची चाकाची खुर्ची असेल तर त्यांना विचारून, नाहीतर एखादी बाबागाडी घेऊन, घरापासून पारापर्यंत जा. कुठं कुठं अडलं ते वहीत लिहा. मग ती वही घेऊन महिला सभेला जा. आमच्या वहीत सात जागा निघाल्या. त्यातली एक, देवळापुढची उघडी गटार, आता झाकली गेली आहे. सहा राहिल्यात. त्या वहीतून खोडल्या गेल्या की पुन्हा तुमच्याशी बोलू.

तुमच्या वहीत किती निघतात, ते आम्हाला जरूर कळवा.